गावातनं उठून दुसऱ्या गावात: आर्टिस्ट रेसिडेन्सीचा अर्ज कसा करायचा?

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना आलेले जास्तीचे 'म्हणजे' आणि 'तर' काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावून बसमध्ये बसलेले, जिना चढणारे, भाकरी खाता खाता ऐकणारे, सगळ्यांचं स्वागत.

आजचा विषय तुमच्याच मेसेजेसमधून आलाय. आमच्या शिरूर अनंतपाळ तालुक्यातून, निलंग्यातून, उदगीरकडून साधारण एकच प्रश्न येतोय: "आम्ही चित्रं काढतो, लिहितो, फोटो काढतो. इन्स्टावर 'आर्टिस्ट रेसिडेन्सी, ओपन कॉल' असं दिसतं. हे काय असतं? आपल्याला मिळतं का?" आणि त्याला जोडून घरच्यांचा प्रश्न, जो मला जास्त आवडला: "रेसिडेन्सी खेड्यातच आहे म्हणतोस. मग गावातनं उठून दुसऱ्या गावात जायला अर्ज कशाला करायचा?"

माझं काम सॉफ्टवेअरचं, मी चित्रकार नाही. पण फॉर्म, पीडीएफ आणि डेडलाइन हा माझा प्रांत आहे. मित्रांचे आणि मामेबहिणीचे अर्ज भरताना मी शेजारी बसलेलो आहे. तर आज हे सगळं सुरुवातीपासून बघू.

रेसिडेन्सी म्हणजे नेमकं काय?

एखादी संस्था कलाकाराला ठरावीक दिवसांसाठी राहायला जागा देते, काम करायला जागा देते आणि तेवढे दिवस त्याचा वेळ त्याच्याकडेच राहू देते. कधी दोन आठवडे, कधी तीन महिने. चित्रकार, शिल्पकार, लेखक, नाटकवाले, फोटोग्राफर, कुणासाठीही असू शकते. हा कोर्स नाही, त्यामुळे शिकवायला कुणी नसतं. आणि नोकरीही नाही, त्यामुळे हजेरी नसते.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात मॅकडॉवेल नावाची रेसिडेन्सी १९०७ पासून चालू आहे, आणि ती सुरू झाली एका शेतावर. तिथली एक पद्धत प्रसिद्ध आहे: दुपारचं जेवण टोपलीत भरून स्टुडिओच्या दाराशी ठेवतात आणि दार न वाजवता निघून जातात. त्याच देशात आयोवा या मक्याच्या शेतांच्या राज्यात १९६७ पासून लेखकांसाठी इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रॅम आहे. आपले दिलीप चित्रे १९७५ साली तिथं गेले होते. म्हणजे मराठीत लिहिणाऱ्या माणसाला हे दार नवं नाही.

आपल्या देशात १९६६ मध्ये चेन्नईजवळ समुद्रकाठी के. सी. एस. पणिकर आणि त्यांच्या सोबतच्या चित्रकारांनी चोलमंडल हे कलाकारांचं गावच वसवलं. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मोदीनगरला 'खोज'ची पहिली कार्यशाळा झाली, पुढं ती संस्था दिल्लीत स्थिरावली. लेखकांसाठी २००८ पासून 'संगम हाउस' आहे. अनेक वर्षं त्यांचे लेखक बंगळूरच्या बाहेर हेसरघट्ट्याजवळ नृत्यग्राममध्ये राहिले, आणि तिथं इंग्रजीसोबत भारतीय भाषांत लिहिणाऱ्यांनाही जागा असते. मध्य प्रदेशात मैहरजवळ 'आर्ट इचोल' आहे. गुजरातेत वडोदऱ्याजवळ जसपूरला 'उत्तरायण' आहे.

आपल्या सगळ्यात जवळचं उदाहरण: पारडसिंगा

नागपूरहून उत्तरेला गेलं, राज्याची सीमा ओलांडली की सौंसर तालुका लागतो. नकाशात मध्य प्रदेश, पण बाजारात मराठी ऐकू येते. आधी हा भाग छिंदवाडा जिल्ह्यात होता, २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्यात आहे. तिथल्या पारडसिंगा गावात 'ग्राम आर्ट प्रोजेक्ट' चालतो. नागपूरच्या शिल्पकार श्वेता भट्टड, त्यांच्यासोबतचे कलाकार, शेतकरी आणि गावातल्या बाया असा हा गट आहे. देशी कापूस पिकवणं, हातानं सूत काढणं, बियांच्या राख्या, बिया घातलेला कागद, आणि शेतातच पीक वाढवून जमिनीवर काढलेली भलीमोठी चित्रं, असं त्यांचं काम आहे. बाहेरचे कलाकारही तिथं येऊन राहिलेत, गावात मिसळून काम करून गेलेत.

हे उदाहरण मुद्दाम घेतलं. शहरातला स्टुडिओ तुम्हाला भिंत आणि लाइट देतो. अशा ठिकाणी मात्र गावाचं रोजचं काम हेच कलेचं सामान असतं. शेत, बी, मजुरी, पाणी. तिथं अर्ज करणाऱ्याला गावात वावरता येतं का, हे बघितलं जाणारच. आता सांगा, हे कुणाला जास्त जमेल?

मग घरच्यांच्या प्रश्नाचं उत्तर

'गावातनं दुसऱ्या गावात कशाला' याचं सरळ उत्तर असं: आपल्या गावात तुम्ही कलाकार असायच्या आधी कुणाचे तरी पोरगं, सून, पुतण्या असता. मामेबहीण रंग कालवून बसली की पाचव्या मिनिटाला हाक येते. पाहुणे आलेत, चहा टाक. नळाला पाणी आलंय. बँकेत आधार लिंक करायला आज्जीसोबत जा. यात कुणाचीच चूक नाही, घर असंच चालतं. पण सलग चार तास मिळत नाहीत, आणि सलग चार तासांशिवाय मोठं काम उभं राहत नाही. रेसिडेन्सी ते चार तास देते, रोज, महिनाभर. आणि दुसऱ्या गावात तुम्ही पाहुणे असता, त्यामुळं तिथलं सगळं नव्यानं दिसतं. परत आल्यावर स्वतःचं गावही वेगळं दिसतं.

दुसरी गोष्ट, जी अर्जात सोनं आहे आणि आपले लोक लिहीतच नाहीत. सोयाबीनच्या काढणीत, म्हणजे सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरात, गावात मीटिंग बोलावली तर कुणी येणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे. बायकांशी बोलायचं तर कोणत्या वेळेला जायचं, कुणाच्या ओट्यावर बसायचं, कुणाला आधी विचारायचं, फोटो काढायच्या आधी किती चहा प्यायचे, हे तुम्हाला कुणी शिकवलेलं नाही, तरी येतं. शहरातून येणाऱ्या कलाकाराचे पहिले पंधरा दिवस हे कळण्यातच जातात. तुमच्याकडं ते आधीपासून आहे, तेव्हा 'अनुभव' या रकान्यात ते लिहा.

अर्जात काय काय मागतात?

बहुतेक ठिकाणी पाच गोष्टी असतात.

एक, स्वतःबद्दल थोडक्यात: तुम्ही काय काम करता, कशावर करता, किती दिवसांपासून.
दोन, प्रकल्पाचा प्रस्ताव: तिथं येऊन काय करणार.
तीन, पोर्टफोलिओ: दहा-पंधरा कामं. लेखक असाल तर काही पानं.
चार, बायोडेटा. कला महाविद्यालयाची पदवी सगळीकडं सक्तीची नसते. पात्रतेच्या अटी नीट वाचा, आणि अटीत नसेल तर स्वतःहून माघार घेऊ नका.
पाच, तुमचं काम ओळखणाऱ्या एक-दोन लोकांची नावं. चित्रकलेचे सर, ग्रंथपाल, नाटक बसवणारे दिग्दर्शक चालतात. नातेवाईक नको, आणि आमदारांचं शिफारसपत्र तर नकोच, त्याचा इथं उपयोग नाही.

यातला दुसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, आणि बहुतेक अर्ज तिथंच पडतात. साधारण असं लिहिलेलं असतं:

"मला लहानपणापासून कलेची आवड आहे. निसर्गरम्य वातावरणात राहून ग्रामीण जीवनाचे विविध पैलू माझ्या कलेतून मांडायचे आहेत."

हे वाक्य कुणीही, कुठंही पाठवू शकतं, त्यामुळं निवड करणाऱ्याच्या हातात काहीच लागत नाही. आता हे ऐका. हा मी बनवलेला नमुना आहे:

"मी कोळशानं आणि मातीनं चित्रं काढते. आमच्या भागात ज्वारी साठवायला जमिनीत पेव असायची. आता बहुतेक बुजवली आहेत, त्यामुळं त्यांचा आकार फक्त म्हाताऱ्या माणसांच्या हातवाऱ्यांत उरला आहे. मी सहा घरांत जाऊन ते हातवारे वहीत उतरवले आहेत. चार आठवड्यांत मला त्यातली तीन पेव कापडावर खऱ्या मापात काढायची आहेत, तुमच्या गावातली माती वापरून. पहिला आठवडा तुमच्याकडं धान्य कसं साठवायचे हे ऐकण्यात जाईल. मला दहा फूट रुंद भिंत, दोन पोती माती आणि गावातली ओळख करून देणारं एक माणूस लागेल."

फरक कळला? दुसऱ्या परिच्छेदात साहित्य आहे, विषय आहे, आधी झालेलं काम आहे, आठवड्यांचा हिशेब आहे, आणि 'तुमच्याच गावात का' याचं उत्तर आहे. 'कलेची आवड' हा शब्दही नाही, तरी आवड दिसते. आमच्या भाषेत सांगायचं तर पहिला परिच्छेद म्हणजे 'ॲप बनवायचंय', आणि दुसरा म्हणजे कोणती स्क्रीन, कोणतं बटण, किती दिवस.

विषय शोधायला लांब जाऊ नका. आमच्या तालुक्यात उजेडला दर वर्षी प्रजासत्ताक दिनाच्या आसपास गांधीबाबांच्या नावानं यात्रा भरते. देवाच्या नावानं यात्रा सगळीकडं असते, गांधींच्या नावानं कुठं असते? किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. जुनं गाव एका जागी, पुनर्वसित गाव दुसऱ्या जागी, आणि दोन्हींमधला रस्ता रोज चालणारी माणसं अजून आहेत. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. तुमच्या घरात त्या वर्षीची घागर, टाकी, टोकन, काहीतरी असेलच. यातल्या कशालाही 'ग्रामीण जीवनाचे पैलू' म्हणू नका. घागरीला घागरच म्हणा.

भाषा आणि फाइल

इंग्रजीची भीती हा मोठा अडथळा आहे, म्हणून नीट सांगतो. आधी मराठीत लिहा, बोलता तसं. मग कुणाच्या तरी मदतीनं इंग्रजी करा. 'पेव', 'बलुतं', 'खळं' असे शब्द तसेच ठेवा आणि पुढं एका ओळीत अर्थ द्या. भाषांतराचं ॲप किंवा एआय वापरलं तर शेवटी स्वतः वाचून बघा. ही यंत्रं सगळ्यांचं लिखाण एकसारखं गुळगुळीत करतात, आणि वरच्या नमुन्यातली 'दोन पोती माती' तीच आधी गायब करतात.

काही ठिकाणी तर मराठी चालते. बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स ही संस्था कलाकारांना आणि संशोधकांना प्रकल्पासाठी अनुदान देते. ती रेसिडेन्सी नव्हे, पण तिथं भारतीय भाषेत प्रस्ताव पाठवता येतो. दुसरीकडं नियमात लिहिलं नसेल तर मेल करून विचारा. विचारल्यानं गुण कमी होत नाहीत.

आता माझ्या प्रांतातल्या गोष्टी. छोट्या आहेत, पण यांच्यामुळं चांगले अर्ज वाया जातात.

मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. झेरॉक्सच्या दुकानात जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून आणलेली फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नुसती चिन्हं दाखवते. फोनवरच्या मराठी कीबोर्डवर केलेलं टायपिंग युनिकोडच असतं. शेवटी पीडीएफ करा आणि ती दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा.

ड्राइव्हची लिंक देत असाल तर 'लिंक असलेल्या कुणालाही बघता येईल' ही परवानगी चालू करा, आणि ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत लिंक उघडून तपासा. परवानगी मागायला कुणी थांबत नाही, ते पुढचा अर्ज उघडतात.

चित्राचा फोटो सकाळी, बाहेर, सावलीत काढा. फ्लॅश बंद. फोन चित्राला समांतर धरा, म्हणजे चौकट वाकडी येत नाही. खाली शीर्षक, वर्ष, माध्यम आणि माप लिहा. माप लिहिलं नाही तर सहा फुटांचं चित्र पोस्टकार्डाएवढं वाटतं.

डेडलाइन कोणत्या देशाच्या घड्याळानं आहे ते बघा. जर्मनीत हिवाळ्यात रात्री ११:५९ वाजतात तेव्हा आपल्याकडं दुसऱ्या दिवशीचे पहाटे ४:२९ झालेले असतात. तरीही दोन दिवस आधीच पाठवा. आपल्याकडं लाइट कधी जाईल याची डेडलाइन कुणी देत नाही.

पैसे आणि सुरक्षितता: हे विचारायलाच पाहिजे

'निवड झाली' म्हणजे 'फुकट' असं नसतं. रेसिडेन्सी तीन प्रकारच्या असतात. काही ठिकाणी राहणं, जेवण, प्रवास आणि वर मानधनही मिळतं. काही ठिकाणी फक्त राहायला जागा मिळते. आणि काही ठिकाणी तुम्हीच पैसे भरता. तिसरा प्रकार म्हणजे फसवणूकच असं नाही, पण मग ते भाडं आहे हे समजून निर्णय घ्या. अर्ज पाठवल्याच्या दुसऱ्या दिवशी 'अभिनंदन, एवढी रक्कम आजच भरा' असं उत्तर आलं, तर तिथं आधी राहून आलेल्या दोन कलाकारांना शोधून विचारा. त्यांची नावं संस्थेच्या पेजवर सापडायला हवीत.

बजेट मांडताना प्रवास, सामान आणि जेवणासोबत बुडणारी मजुरी किंवा पगारही धरा. महिनाभर दुकान बंद राहणार असेल तर तोही खर्चच आहे. पैशासाठी सांस्कृतिक मंत्रालयाच्या योजना बघून ठेवा. १८ ते २५ वयाच्या तरुण कलाकारांना दोन वर्षं महिना ५,००० रुपयांची शिष्यवृत्ती आहे, आणि २५ ते ४० वयासाठी दोन वर्षं महिना १०,००० रुपयांची ज्युनिअर फेलोशिप. अर्ज जाहिरात निघाल्यावरच घेतात, तेव्हा त्या वर्षीच्या अटी वाचूनच भरा.

मुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी वेगळं सांगतो. मेलवर लेखी विचारा: खोली स्वतंत्र आहे का, आतून कडी आहे का, संडास-बाथरूम कुठं आहे, त्या काळात अजून कोण राहणार आहे, रात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर गाडी कोणाची, तक्रार कुणाकडं करायची. चांगली संस्था या प्रश्नांवर चिडत नाही, कारण तिच्याकडं उत्तरं तयार असतात. जी चिडते तिथं जाऊ नका. आणि आलेलं उत्तर घरी वाचून दाखवा. 'मला जायचंय' यापेक्षा ते पत्र बाबांना लवकर पटतं.

तिथं गेल्यावर गावाचं देणं

ग्रामीण रेसिडेन्सीच्या प्रस्तावात एक ओळ अवश्य टाका: गावाला परत काय देणार. शाळेत दोन दिवस मुलांसोबत चित्रं, चावडीवर छोटं प्रदर्शन, किंवा ज्यांच्याशी बोललात त्यांना त्यांच्या फोटोची प्रिंट. मदतीला माणूस घेतला तर त्याची रोजंदारी बजेटमध्ये लिहा. आपल्या गावात कॅमेरे घेऊन आलेले, 'फोटो पाठवतो' म्हणून गेलेले लोक आपण सगळ्यांनी बघितलेत. ते फोटो कधी आले का? तुम्ही त्या यादीत जाऊ नका.

नाही म्हणाले तर?

बऱ्याचदा नाहीच म्हणतात. जागा चार-पाच असतात, अर्ज ढीगभर. एक छोटा, नम्र मेल टाका की सुधारण्यासाठी काही सांगता येईल का. उत्तर येईलच असं नाही, पण आलं तर ते पुढच्या अर्जाला कामी येतं. तोच प्रस्ताव सुधारून दुसरीकडं पाठवा, मात्र 'तुमच्या गावात का' हा भाग दर वेळी नवा लिहा. तो कॉपी-पेस्ट केलेला लगेच ओळखू येतो.

आणि दरम्यान काम थांबवू नका. पेवाचं उदाहरण घेतलं तर त्या सहा घरांत जायला कुणाची परवानगी लागत नाही. पुढच्या अर्जापर्यंत सहाची दहा घरं होतील, आणि प्रस्ताव तेवढाच भक्कम होईल.

या आठवड्यात तीनच गोष्टी करा. तुमच्या दहा कामांचे नीट फोटो काढा. एका रेसिडेन्सीचं पेज पूर्ण वाचा, अटींसकट. आणि 'मी कशानं काम करतो, कशावर करतो, आत्तापर्यंत काय केलं' हे पाच ओळींत मराठीत लिहा. त्या पाच ओळी मला व्हॉइस मेसेजवर वाचून पाठवा, मी नक्की ऐकतो. कुठं गुळगुळीत झालं असेल तर तसं सांगेन, आपल्यात काय लपवायचं.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर फोन चार्ज ठेवा, आणि चार तास कुठून मिळतात ते बघा.